वीसपैकी वीस : कोल्हापूरच्या कसबा बावड्यातल्या एका घरशाळेचं प्रकरण

वही साधीच होती. शंभर पानी, कव्हरवर शाईने लिहिलेलं 'प्रार्थना'. आत रोज एक, तारखेसकट. ५ जूनची चार ओळींची होती आणि 'हे प्रभु'पासून सुरू होत होती. 'भु'भोवती लाल पेनाने गोल काढून बाजूला 'भू' लिहिलेलं, तळाशी बरोबरची खूण आणि सही. १९ जूनची वाचताना वाटलं, हे आपण कुठंतरी वाचलंय. पानं मागे उलटली. शब्दन् शब्द ५ जूनचीच प्रार्थना. फक्त या खेपेला 'प्रभू' दीर्घ होतं.

ही वही २०२२ सालची. लिहिणारा मुलगा तेव्हा चौदा वर्षांचा, आणि लाल पेन त्याच्या आईचं. मी एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवली. तेवढी वर्षं माझ्याही हातात तसंच पेन होतं, त्यामुळे त्या आईला नावं ठेवायला मी काही धुतल्या तांदळाची नाही. निवृत्तीनंतर आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, संडे स्कूल बघते, आणि पोरांवरून घरात वाजलं की आईबाप माझ्याकडे येतात, तसे हेही आले.

प्रकरण लिहायला घरातल्या पाचही जणांनी हो म्हटलंय. नावं देत नाही, ओळख पटेल असे दोन-चार तपशील बदललेत. मुलाला थोरला म्हणते, मुलीला धाकटी. वडील शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत क्वालिटीला आहेत. आई बी. एड., आठ वर्षं शिकवत होती, मग नोकरी सोडली. आणि आजी, म्हणजे वडिलांची आई, मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. घर चार पिढ्यांचं ख्रिस्ती.

पुराचा आठवडा

जुलै २०२१. कोविडमुळे शाळा बंदच होत्या, वर्ग मोबाईलवर. त्यात पंचगंगा चढली. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू हायवेवर पाणी आलं, वाहतूक थांबली, वडील घरी अडकले. यांच्या गल्लीच्या तोंडाशी पाणी, लाईट गेलेली, नळाला पाणी नाही, मोबाईल मेले. म्हणजे ऑनलाइन वर्गही गेला. पाच माणसं, एक मेणबत्ती आणि आजीच्या गोष्टी.

दुसऱ्या रात्री धाकटीने विचारलं, "देवाने नोहाला वचन दिलं होतं ना, परत पूर आणणार नाही म्हणून?" ती तेव्हा अकराची. आईने तयार उत्तर दिलं, की ते वचन सगळी पृथ्वी बुडवणार नाही असं होतं, एखाद्या गावाबद्दल नव्हतं. धाकटी थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मग शिरोळला सूट नाही." शिरोळ म्हणजे आमच्याच जिल्ह्यातला, पुरात बुडणारा तालुका.

सगळे हसले. हसून झाल्यावर मात्र कुणाला पुढे बोलता येईना. मग आजी बोलल्या, वडील बोलले, थोरला आयुष्यात पहिल्यांदा दोन तास सलग घरच्यांशी बोलला. देव पूर थांबवत का नाही, गुरं सोडून छपरावर बसलेल्या माणसाने प्रार्थना करावी का, नोहाने शेजाऱ्यांना का घेतलं नाही. असं चार रात्री चाललं. उत्तरं फारशी मिळाली नाहीत, पण कुणी उठून गेलं नाही.

आईने मला पुढे सांगितलं, "बाई, मला तेव्हाच वाटलं, हेच ते अनुवादातलं." अनुवाद या बायबलातल्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात इस्राएल लोकांना सांगितलंय की या गोष्टी मुलांच्या मनावर बिंबवा, घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना त्यांविषयी बोला. ख्रिस्ती घरशाळेवर, म्हणजे पोरांना शाळेत न घालता घरीच शिकवण्यावर, कुठेही काही वाचा, हे वचन पहिल्या पानावर असतं. शाळा पुन्हा उघडल्या तेव्हा या घरातली मुलं गेली नाहीत.

दुसरंही एक कारण होतं, आणि ते आईने मला तिसऱ्या भेटीत सांगितलं. शाळा बंद व्हायच्या आधी थोरल्याला वर्गातल्या एका मुलाने विचारलं होतं, "तुम्ही पैसे घेऊन झाला ना रे ख्रिश्चन?" शिक्षक समोर होते, काही बोलले नाहीत. शाळेचं नाव सांगण्यात अर्थ नाही, हा प्रश्न कुठल्याही शाळेत येऊ शकतो. थोरला घरी येऊन म्हणाला, "आपण पैसे घेतले होते काय?" आई रडली. आणि रडलेल्या आईला पोराने पुन्हा काही विचारलं नाही.

म्हणजे या घरशाळेच्या मुळाशी दोन गोष्टी होत्या: मेणबत्तीच्या उजेडातली ती चार रात्रींची चव, आणि पोरगा बाहेर दुखावेल ही भीती. मला वाटतं, वेळापत्रक भीतीने आखलं.

आजीची हरकत

आजींना हे मुळीच पटलं नव्हतं. त्यांचं वाक्य तसंच्या तसं देते: "ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी पोरगं शाळेत घातलं नाही तर बापाला महिन्याला रुपया दंड ठेवला, त्या कोल्हापुरात माझी नातवंडं घरात बसणार?"

दंडाची गोष्ट खरी आहे. सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा संस्थानात १९१७ साली आला, तेव्हाचा तो रुपया. पण आजींच्या बोलण्यामागे त्याहून जुनं काही होतं. वायल्डर नावाचे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये कोल्हापुरात आले, आणि इथल्या मिशनने चर्चबरोबर शाळा काढल्या. एस्तेर पॅटन, इरविन ख्रिश्चन ही नावं आजही कोल्हापूरकरांच्या तोंडात आहेत. ज्यांच्या पोरांना गावच्या शाळेच्या ओट्यावरसुद्धा बसू दिलं नसतं, त्यांना वर्गात जागा मिळाली. आमच्यातल्या कितीतरी घरांच्या बाबतीत श्रद्धा आणि शाळा एकाच दारातून आत आल्या. आता त्याच श्रद्धेसाठी शाळा सोडायची, हे आजींच्या गळी उतरणं कठीणच.

कायद्याचं म्हणाल तर, १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यात सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य म्हणून लिहिलंय, कलम १० मध्ये. न घातल्यास शिक्षा काय, हे मात्र लिहिलेलं नाही. घरशाळावाले त्या मोकळ्या जागेत राहतात. चौदा पूर्ण झाली की राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची दहावी देता येते. पाच विषय, पास व्हायला तेहतीस टक्के, वर्षातून दोनदा परीक्षा, राहिलेला विषय पुढच्या खेपेला. राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्मही असतो. यांनी मुक्त विद्यालय निवडलं, कारण विषय सुटे सुटे देता येतात. नातेवाइकांत मात्र दोन वर्षं एकच समज होता, की पोरगा नापास झाला म्हणून शाळेने काढला. बावड्याच्या मैदानावर फुटबॉल खेळायला गेला की हेच. "काढलं काय रे तुला?" कोल्हापुरात फुटबॉलच्या मैदानावर तुमची जात-धर्म कुणी फारसं विचारत नाही, पण पेठ कुठली आणि शाळा कुठली हे विचारतात. थोरल्याकडे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, म्हणून हळूहळू त्याने मैदानच कमी केलं. हे आईच्या लक्षात यायला सहा महिने लागले. माझ्या मते या प्रकरणातलं सगळ्यात महागात पडलेलं दुर्लक्ष हेच.

वेळापत्रक

साडेसहाला उठणं. पावणेसातला कौटुंबिक उपासना. सात ते पावणेआठ पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल. मग न्याहारी, मग गणित, विज्ञान, इंग्रजी, सगळी आईच घेणार. दुपारी वाचन. रात्री निजण्याआधी प्रार्थनेची वही. दर शनिवारी शास्त्राची वीस मार्कांची चाचणी: संदर्भासह स्पष्टीकरण द्या, गाळलेल्या जागा भरा, नीतिसूत्रांतली पाच वचनं पाठ म्हणा. मी पेपर बघितले. चांगले काढले होते, खरंच. मला शाळेत असं कुणी काढून दिलं असतं तर मी फोटोकॉपी करून वापरले असते.

सुरुवातीचं वर्ष अमेरिकेहून उतरवून घेतलेल्या ख्रिस्ती घरशाळेच्या पीडीएफ होत्या. त्यात बर्फ, भोपळे, आणि तिथल्या राज्यघटनेचे संस्थापक कसे देवभिरू होते ते. धाकटीने एकदा विचारलं, "आपल्याकडचे ख्रिस्ती कुठायत यात?" त्या पीडीएफ बंद झाल्या. पुढचं नंतर येईलच.

थोरल्याला शनिवारच्या चाचणीत वीसपैकी वीस पडायचे. सलग चौदा शनिवार. आईने ते कॅलेंडरवर लिहून ठेवले होते. पंधराव्या शनिवारीही वीसच पडले, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी चर्चमधून परतताना तो म्हणाला की तो दृढीकरणाच्या वर्गाला येणार नाही. दृढीकरण म्हणजे पोराने चर्चमध्ये सगळ्यांपुढे आपला विश्वास स्वतः कबूल करणं; ते झालं की प्रभूभोजनाची भाकर आणि द्राक्षरस घेता येतो.

हे फेब्रुवारी २०२३ चं. ईस्टर ९ एप्रिलला होतं, त्याआधी दृढीकरण व्हायचं ठरलेलं. त्याच्या बरोबरीची पाच मुलं नावं देऊन बसली होती. घरात तीन दिवस कुणी नीट जेवलं नाही. आई म्हणाली, सगळी वचनं पाठ आहेत तुझी, मग अडतंय कुठं? थोरला म्हणाला, "पाठ आहेत म्हणूनच. मला विचारलं विश्वास आहे काय, तर मी उत्तर देईन. बरोबर देईन. ते खरं आहे काय, मलाच कळणार नाही."

पंधरा वर्षांच्या पोराने असं बोलावं! मला विचाराल तर तिथेच त्याला पुढे घ्यायला हवं होतं. पण आईच्या जागी मी असते तर मीही रडलेच असते.

दुखणं कुठं होतं

पहिल्या बैठकीत आई म्हणाली, "नोकरी सोडली मी बाई, पोरं देवापासून लांब जाऊ नयेत म्हणून. आणि आता तुम्ही मलाच लांब हो म्हणताय." मी तसं म्हटलं नव्हतं, पण तिला ऐकू तसंच आलं, आणि अगदी चुकीचंही नव्हतं.

शाळेत जाणाऱ्या पोराची एक मोठी सोय असते. शाळेचा राग घरी येऊन काढता येतो, घरचा राग मैदानावर, आणि दोन्हीकडचा राग संडे स्कूलच्या बाईंवर. माझ्यावर निघालाय, भरपूर. घरशाळेतल्या पोराची ही सगळी दारं एकाच खोलीत उघडतात. या घरात तर एकाच माणसावर. बीजगणित शिकवणारी आई, प्रार्थना घेणारी आई, मोबाईल काढून घेणारी आई आणि ताप आला की उशाशी बसणारी आई, सगळी एकच. सकाळी प्रार्थना झाली की तासाभराने तीच माणूस समीकरणावरून ओरडायची. मग समीकरणाला नाही म्हणता म्हणता पोरगा कशाकशाला नाही म्हणायला लागला, ते त्याचं त्यालाही वेगळं काढता येईना.

आणि अनुवादातलं ते वचन. मी आईबापांपुढे शास्त्र उघडून ठेवलं आणि म्हटलं, वाचा परत. घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना. यात तास कुठला आहे? गृहपाठ तपासताना असं आहे काय? त्याच अध्यायाच्या शेवटी विसाव्या वचनात आणखी एक गोष्ट आहे, ती घरशाळेच्या पहिल्या पानावर कुणी छापत नाही. पुढे तुझा मुलगा तुला विचारील, असं तिथे आहे. विचारणार तो. आणि बापाने द्यायचं उत्तर व्याख्येत नाही, आपल्या घरच्या गोष्टीत आहे, की आम्ही मिसर देशात फारोचे दास होतो. म्हणजे उत्तराची सुरुवात आपल्या गुलामीपासून.

हे मी मोठ्या शहाणपणाने सांगितलं खरं. प्रत्यक्षात काय करायचं, हे मलाही तितकंसं ठाऊक नव्हतं.

काय बदललं, काय फसलं

शास्त्राची चाचणी बंद. लाल पेन बंद. प्रार्थनेची वही ज्याची त्याच्याकडे, उघडायची नाही. आणि गणित आईने शिकवायचं नाही, बाहेर शिकवणी लावायची. एवढं मी पहिल्या महिन्यात सांगितलं. चर्चच्या पाळकसाहेबांशी आईबाप स्वतः बोलले. ते म्हणाले, या वर्षी नको, घाई काय आहे, पुढच्या वर्षीही विचारू नका, त्याला विचारू दे.

आईने दोन आठवडे नेटाने पाळलं. तिसऱ्या आठवड्यात जेवताना सहज म्हणून "नहेम्याने तट किती दिवसांत बांधला रे?" सुरू झालं. धाकटीने पोळी वाढता वाढता "बावन्न" म्हटलं आणि वर, "तोंडी परीक्षा सुरू झाली वाटतं." मग तेही थांबलं.

मी सुचवलेली एक गोष्ट साफ फसली. प्रश्नांची डबी. पोरांनी चिठ्ठीवर प्रश्न लिहून टाकायचे, रविवारी जेवताना उघडायची. पहिल्या रविवारी तीन चिठ्ठ्या निघाल्या. एकीत: 'उपासना लांबून मटण करपलं तर पाप कुणाचं?' दुसरीत: 'आदामाला बेंबी होती का?' तिसरी कोरी. दुसऱ्या रविवारी डबी नव्हतीच, आजींनी तिच्यात जिरं भरलं होतं.

शिकवणीचं मात्र झालं, ते असं. गणिताचे सर राजारामपुरीत, संध्याकाळी सात ते आठ. बावड्याहून वडील गाडीवर सोडायचे आणि आणायचे. जाऊन येऊन पाऊण तास, आठवड्यातून तीनदा. मी शिकवणी सुचवली ती गणितासाठी, आणि गणित तर पुढे पहिल्या खेपेला राहिलंच. तिचा खरा उपयोग रस्त्यावर झाला. मोटरसायकलवर मागे बसलेल्या पोराला बापाचं तोंड दिसत नाही, बापाला पोराचं दिसत नाही. हेल्मेटमुळे निम्मं ऐकू येतं. नको असलेलं उत्तर द्यायचं नसेल तर "काय?" म्हणायची सोय असते. वाटेने चालताना म्हणतात ते हे.

जून संपत आला होता. परतताना पाऊस आला, दोघं ताराराणी चौकाजवळ एका चहाच्या गाड्यापाशी थांबले. थोरल्याने विचारलं, "पप्पा, तुम्ही कधी खोटी सही केलीय काय?" कशावरून विचारलं ते दोघांनाही आता आठवत नाही.

वडील म्हणाले, केलीय. सात-आठ वर्षांपूर्वी, जुन्या कंपनीत. महिनाअखेर होती, डिस्पॅचची गाडी दारात लागलेली. नमुन्याला काढलेल्या पाच पिसांत दोनला ब्लो होल निघाले. वरून कास्टिंग साफ दिसतं, मशीनिंगला टूल लागलं की भोक उघडं पडतं. साहेब म्हणाले, सही कर, पुढच्या लॉटला बघू. केली.

"मग?"

"मग काय. लॉट गेला. परत आला नाही."

"म्हणजे कुणाला कळलंच नाही."

"मला कळलं होतं की."

"देवानं काही केलं नाही?"

"केलं असेल तर मला दिसलं नाही. त्या रविवारी प्रभूभोजन होतं. मी घेतलं नाही, ताट पुढं सरकवलं. तुझी मम्मी विचारत राहिली, बरं नाही काय म्हणून."

मग ते म्हणाले की पुढच्या खेपेला त्यांनी सही नाकारली आणि त्या वर्षीची पगारवाढ गेली. ही दुसरी गोष्ट थोरल्याला ठाऊक होती, लहानपणापासून ऐकलेली. संडे स्कूलच्या साक्षीच्या दिवशी वडिलांनी सांगितलीही होती, मी तिथे होते, टाळ्या वाजवल्या होत्या. वडील चहाच्या गाड्यापाशी म्हणाले, "ती सांगायला सोपी आहे, म्हणून तेवढीच सांगत आलो."

आम्ही सगळेच पोरांना श्रद्धेच्या गोष्टी सांगताना पहिली सही गाळतो आणि दुसरीपासून सुरू करतो. पोरं खुळी नसतात. गोष्टीचं एक पान फाटलेलं आहे, हे त्यांना कळतं.

थोरल्याने त्या रात्री आजींना विचारलं. चार वर्षांपूर्वी आई रडली म्हणून अर्धवट राहिलेला प्रश्न. आपण पैसे घेतले होते काय?

आजी म्हणाल्या, "पैसे न्हाईत. पाटी घेतली. पेन्सिल घेतली. माझ्या आज्याला बोर्डिंगात दोन वेळची भाकरी मिळाली, तीबी घेतली. ज्या गावानं पोराला पाटी दिली न्हाई, त्या गावानं पैशाचा हिशेब विचारू नये." एरवी आजी शुद्ध पुस्तकी बोलतात, बाईंसारख्या. राग आला की बावडा बाहेर येतो.

तेव्हापासून दुपारचं वाचन आजींकडे गेलं. पीडीएफच्या जागी आपल्याकडचे ख्रिस्ती आले. रेव्हरंड टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाई मात्र त्यांच्यामागून लगेच गेल्या नाहीत, काही वर्षांनी गेल्या, स्वतःच्या मनाने, हे थोरल्याने 'स्मृतिचित्रे' ऐकताना पकडलं. "आणि टिळक थांबले?" आजी म्हणाल्या, "न थांबून करतात काय?" आई शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. ती मला म्हणाली, त्या दिवशी मी एकच चादर चारदा घडी घातली.

धाकटीचे मोदक

धाकटीचं सगळंच वेगळं. ती भांडत नाही, ती विचारते. गणपतीत शेजारच्या काकू वाटीत मोदक घेऊन आल्या, दारातच म्हणाल्या, "प्रसाद आहे हो." आजींनी दोन्ही हातांनी घेतला आणि खाल्ला. आई घेत नाही. हात जोडते आणि गोड बोलून परत करते. दोघींचं वीस वर्षं असंच चाललंय, कधी बोलणं झालेलं नाही. धाकटी म्हणाली, "मी कुणासारखं करायचं?"

हा प्रश्न महाराष्ट्रातल्या प्रत्येक ख्रिस्ती घरात दरवर्षी येतो आणि दरवर्षी स्वयंपाकघरात मरतो. या खेपेला मेला नाही. बायबलातलं पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र काढलं, आठवा अध्याय आणि दहावा. मूर्ती म्हणजे काही नव्हे, म्हणून खायला हरकत नाही, असं पौल आधी म्हणतो. पण तुझं खाणं बघून दुबळ्या भावाला ठेच लागत असेल तर खाऊ नको. पुढ्यात येईल ते न विचारता खा, मात्र कुणी सांगितलंच की हे अर्पण केलेलं आहे, तर त्या सांगणाऱ्यासाठी खाऊ नको. धाकटी म्हणाली, "काकूंनी तर दारातच सांगितलं. न सांगता आणल्या असत्या तर चाललं असतं?" आजी म्हणाल्या, प्रेमाने दिलेलं मी प्रेमाने घेते. आई म्हणाली, मी प्रेमानेच नाही म्हणते. तव्यावर भाकरी करपली. निकाल लागला नाही, आणि आईने तो लावण्याचा प्रयत्न केला नाही. तिच्यासाठी ही केवढी गोष्ट होती, ते वेळापत्रक बघितलेल्यालाच कळेल.

धाकटीने स्वतःचा तोडगा काढला: दोन्ही हातांनी घ्यायचा, काकूंना थँक्यू म्हणायचं, आणि आजींना द्यायचा. आजींना शुगर निघाल्यामुळे तो फार दिवस टिकला नाही. नाताळात यांच्या घरच्या करंज्या-शंकरपाळ्या काकूंकडे जातात, आणि त्या घरात कुणी अध्याय न काढता खातात, हेही तिनेच नोंदवलं.

आईच्या प्रार्थना तोवर बदलल्या होत्या. पूर्वी ती मिशनऱ्यांसाठी, आजाऱ्यांसाठी, पोरांच्या आज्ञाधारकपणासाठी प्रार्थना करायची. आता एका रात्री म्हणाली, प्रभू, आज मी दमले आणि विनाकारण ओरडले. आमेन झाल्यावर धाकटी म्हणाली, "मम्मी, हे देवाला सांगत होतीस की आम्हाला?" आई म्हणाली, "दोघांना."

आत्तापर्यंत

जून २०२४ मध्ये धाकटी नववीला शाळेत परत गेली, स्वतःच्या मागणीवरून. कारण सांगितलं मैत्रिणी. आईला वाईट वाटलं, आजींनी पेढे वाटले. थोरल्याने त्याच एप्रिल-मेमध्ये मुक्त विद्यालयाची परीक्षा दिली, चार विषय निघाले, गणित राहिलं. ते ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या खेपेला निघालं, बत्तीसवर अडकेल असं वाटत होतं, एक्केचाळीस पडले. वर्ष गेलं म्हणायचं तर गेलं. मधले महिने एका साउंडवाल्याकडे हाताखाली होता, पुढे अकरावीला गेला. मैदान पुन्हा सुरू आहे.

घरशाळा चांगली की वाईट, हे मला या एका घरावरून सांगता येणार नाही आणि कुणी विचारलं तर मी विषय बदलते. आईला विचारलं, तर ती म्हणते पुन्हा करेन, पण गणित शिकवणार नाही.

दृढीकरण अजून झालेलं नाही. थोरला दर रविवारी येतो, मागे माइकच्या मशीनपाशी बसतो. प्रभूभोजनाच्या रविवारी मात्र पुढे येऊन आजींच्या शेजारी बसतो. ताट आलं की स्वतः घेत नाही, सरकवतो. आजींचा हात आता फार थरथरतो, छोटा पेला तोंडापर्यंत नेईतो निम्मा सांडतो. म्हणून तो पेला धरतो, त्यांचं पिऊन झालं की परत ताटात ठेवतो.

मंडळीच्या पंचांपैकी एकाने हरकत घेतली, की दृढीकरण न झालेल्या मुलाने पेल्याला हात लावावा काय, आणि हा विषय पुढच्या मीटिंगला घ्या म्हणून लेखी दिलं. पाळकसाहेबांनी कागद घेतला, घडी घालून खिशात ठेवला. त्याला आता तीन मीटिंगा झाल्या. विषयपत्रिकेत अजून आलेला नाही.